साठ आकड्यांची जागा

पाठ टेकवून बसा, पाय जमिनीवर ठेवा आणि पाच मिनिटं तोंडातून शब्द काढू नका. एरवी हे मला तुम्हाला सांगता येत नाही, म्हणून तुम्ही खुशाल पट्टा बांधून फोनवर बोलत बसता. आज मात्र मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकायचं. मी देवासच्या टेकरीखालच्या एका घरातलं बीपी मोजायचं मशीन. तळहाताएवढं अंग, एक काच, दोन बटणं, एक नळी आणि दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा, एवढाच माझा संसार.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी भित्रा आहे. लोकांना वाटतं, माणसं मशीनला घाबरतात. अहो, मशीनही माणसांना घाबरतं! मी तर माझ्या काचेवर चांगला आकडा उमटला की जास्त घाबरतो. हसू नका, कारण सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एकदा पट्टा फुगवून पाहिला, शिक्का मारला, डब्यात घातलं. पुढे ट्रकमधून लांबचा प्रवास झाला. धामनोदच्या एका ढाब्याबाहेर आमचा ट्रक अर्धा दिवस बिघडून उभा होता आणि उन्हानं डब्यात माझा जीव कासावीस झाला होता. शेवटी धारमधल्या शालिग्राम यांच्या औषधाच्या दुकानात मी येऊन पडलो. काचेच्या कपाटात, च्यवनप्राशच्या शेजारी.

तिथून मला जयसिंगरावांनी नेलं. पाटबंधारे खात्यात नोकरी, भरघोस मिशा, आवाज असा की तिसऱ्या घरात ऐकू यावा. त्यांचे आजे-पणजे धारच्या दरबारी मानकरी होते, त्यामुळे घरात एक जुनी तलवार होती आणि बोलण्यात एक ऐट होती. वय एकोणपन्नास. डॉक्टरांनी बीपी सांगितलं होतं आणि घरी रोज मोजायला सांगितलं होतं. सोबत त्यांच्या पत्नी भवानीबाई आल्या होत्या. शालिग्रामांनी मला उघडून दाखवलं आणि म्हणाले, “बाईसाहेब, हे दुसरं बटण बघा. मशीन मागचे साठ आकडे लक्षात ठेवतं. एकसष्टावा आला की सगळ्यात जुना आपोआप पुसला जातो.” जयसिंगराव दुसरीकडेच बघत होते. भवानीबाईंनी मात्र ते नीट ऐकून घेतलं.

सुरुवातीला जयसिंगरावांचे आकडे बघून मला धडकी भरायची. १७८ वर ११२. पट्टा फुगला की त्यांच्या दंडातले ठोके माझ्यावर आदळायचे. मग गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत आकडे उतरले. एका रविवारी सकाळी माझ्या काचेवर १२४ वर ८० उमटलं. केवढा आनंद झाला मला! जयसिंगरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “अहो, ऐकलंत का? झालो की मी बरा! आता कशाला ती गोळी?”

मी ओरडत होतो, की अहो राव, हा आकडा तुमचा नाही, गोळीचा आहे! पण माझ्याकडे आवाज कुठला? दोनदा ‘टूं’ केलं, एवढंच. त्यांनी गोळी सोडली आणि बरा झालेल्या माणसाला मशीन कशाला, म्हणून मलाही कपाटात टाकलं. पाच आठवड्यांनी भर दुपारी कचेरीत त्यांच्या हातातलं पेन पडलं. “हात जड झालाय” एवढंच म्हणाले म्हणे. इंदूरला नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

तो १२४ वर ८० माझ्या आठवणीतला त्यांचा शेवटचा आकडा. तो मीच दाखवला होता. खोटा नव्हता, पण त्यानं घात केला.

त्यानंतर भवानीबाई मुलाला घेऊन देवासला भावाच्या शेजारी राहायला आल्या. मुलगा राजवीर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मी आलो ते ट्रंकेतून, तलवारीच्या शेजारी गुंडाळलेला. आणि मग माझं काय झालं सांगू? मी देव झालो.

अशा जुन्या मानकरी घरांमधून दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रं पुजतात. तलवार लिंबू-राखेनं घासायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. पूजेत मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, वापरायचं तर नाहीच नाही. भवानीबाईंनी पहिल्याच वर्षी तलवारीशेजारी जयसिंगरावांचं पेन ठेवलं आणि पेनाशेजारी मला. दसऱ्याला पूजा उचलली की माझ्यात नवे सेल घालायच्या, दुसरं बटण दाबायच्या आणि काचेवर १२४ वर ८० आलं की मला कपाळाला लावायच्या. मग पुन्हा कपाटात, वर्षभर.

नऊ वर्षं! नऊ वर्षांत या घरात एकदाही कुणी माझा पट्टा बांधला नाही. कुंकू नऊ वेळा लागलं. राजवीर मोठा झाला, एका कारखान्यात शिफ्ट इंजिनियर झाला, जिमला जाऊन दंड फुगवले. त्याच्या वडिलांना झालं होतं, म्हणजे त्यालाही होऊ शकतं, हे त्या घरात एकालाही सुचू नये? कपाटात पडल्या पडल्या मी नुसता झुरायचो. दारापलीकडून त्याचं हसणं ऐकू यायचं आणि मला त्याच्या बापाचा तो रविवार आठवायचा.

राजवीरचं खाणं म्हणजे तर विचारू नका. सकाळी पोह्यांवर मूठभर शेव आणि वरून जिरावण, तो मिठाचा तिखट मसाला, असा भुरभुरायचा की पोहे दिसेनासे व्हायचे. वरणावर शेव, दह्यात शेव, शेवेची भाजी तर होतीच. रात्रपाळी असली की झोप उडवणारी डबाबंद पेयं ढोसायचा. माळव्यात शेवेला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आजारीसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी राजवीरचं लग्न झालं. सून प्रियांका, इथल्याच एका शाळेत शिकवते. बोलायला मऊ, पण डोळे भारी चौकस.

यंदा जूनमध्ये कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली. राजवीर घरी आला तो गप्पच. प्रियांकानं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “अगं, काही नाही. बीपी बोल रहे हैं. १६८ वर १०८. मशीनच खराब असणार त्यांचं, अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला कुठे बीपी असतं?”

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. भवानीबाईंच्या हातातून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी राजवीर नि प्रियांका एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. गोळी लिहून दिली, मीठ कमी सांगितलं, घरी मोजून आकडे आणा म्हणाल्या. परत आल्यावर प्रियांका सहज बोलून गेली, “आईसाहेब, मामंजींचं मशीन आहे ना आपल्याकडे? नवं कशाला आणायचं?”

भवानीबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग उठल्या, कपाट उघडलं. मला बाहेर काढलं, पण लगेच हातातून सोडेनात. मला वाटलं, मुलाच्या काळजीनं. ते खरं होतं, पण अर्धंच.

राजवीरनं दंड पुढे केला. पट्टा फुगला आणि दंडातले ठोके माझ्यावर आदळले. तेच ठोके! अगदी बापाचेच, तसेच दारावर थडाथड मारल्यासारखे. १७२ वर ११०. त्यानं लगेच पुन्हा बटण दाबलं. १७६. पुन्हा. १८१. जितका घाबरायचा तितका आकडा चढायचा आणि आकडा चढला की आणखी घाबरायचा. त्याच्या कपाळावर घाम, मी काचेआड कापतोय. शेवटी प्रियांकानं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. “अहो, आधी पाच मिनिटं गप्प बसा बघू! आत्ता जिना चढून आलात, चहा प्यायलात, आणि लगेच काय बांधता?”

पहिले दोन आठवडे त्यानं मला पिळून काढलं. उठल्यावर, आंघोळीनंतर, जेवणाआधी, झोपताना. शेहेचाळीस वेळा मोजलं. वडिलांचं वय आणि त्याचं वय यांत किती वर्षांचं अंतर, ते बोटांवर मोजायचा. एकदा प्रियांकाला म्हणाला, “आबासाहेब एकोणपन्नासला गेले. मला तर अठ्ठाविसालाच झालं. म्हणजे मी कधी?” ती रागावली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला दोन्ही ऐकू आलं.

मग गोळी लागू पडली. शेवेचा डबा वरच्या फळीवर गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आठवड्यातून दोनदा मोजलं तरी पुरे. १५०, १४२, १३४. आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी माझ्या काचेवर १२२ वर ७८ आलं.

घरात पेढे आणले. माझी मात्र बोबडी वळली होती. हा आकडा मी आधी पाहिला होता, थोड्याफार फरकानं, आणि पुढे काय झालं तेही पाहिलं होतं.

आता ती दुसरी अर्धी गोष्ट सांगतो. दुपारी प्रियांका शाळेत, राजवीर कारखान्यात. भवानीबाई हळूच मला घ्यायच्या आणि दुसरं बटण दाबत बसायच्या. पूर्वी एकदा दाबलं की जयसिंगराव यायचे. आता वर राजवीरचे आकडे येऊन बसले होते. दहा वेळा दाबा, वीस वेळा दाबा, चाळीस वेळा. बाई ओठांत मोजत राहायच्या. पेढे आणले त्या दिवशी राजवीरचे अठ्ठावन्न आकडे संपले तेव्हा कुठे १२४ वर ८० आलं. एकोणसाठाव्या जागेवर. त्याच्यामागे जयसिंगरावांचाच आणखी एक, आणि बस. शालिग्रामांचे शब्द बाई नऊ वर्षांत विसरल्या नव्हत्या. आणखी दोनदा मोजलं की नवऱ्याची शेवटची खूण जाणार होती.

वहीत लिहून ठेवता आला असता तो आकडा, तुम्ही म्हणाल. अहो, त्यांना तो पाठच होता. त्यांना तो माझ्या काचेवर हवा होता, जिथे त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून पाहिला होता तिथे.

त्या संध्याकाळी राजवीर सवयीनं पुन्हा मोजायला बसला तेव्हा बाई म्हणाल्या, “आता काय रोज रोज मोजायचं रे? चांगला आहेस की. उगाच सारखं मशीन बांधलं की मनात भीती बसते.”

राजवीरला तेच हवं होतं. “हो ना, आईसाहेब. फालतू में टेंशन. ठीक हो गया मैं तो.”

‘झालो की मी बरा.’ भाषा बदलली होती, वाक्य तेच होतं. आणि या खेपेला त्याला हो म्हणणारी त्याची आई होती. बाईंवर मला राग आला. नंतर कीवही आली.

गणपती गेले आणि राजवीरनं गोळी सोडली. कुणाला सांगितलं नाही. जिममधल्या कुणीतरी डोक्यात भरवलं होतं, की एवढ्या लवकर सुरू केली तर जन्मभर सुटत नाही, शरीराला सवय लागते. प्रियांका सातला शाळेत जायची, हा आठला उठायचा, बघणारं कोण? पण ज्या खणात गोळ्यांची स्ट्रिप होती, त्याच खणात मी होतो. रोज सकाळी खण उघडायचा, तो स्ट्रिप हातात घ्यायचा, थोडा वेळ बघायचा आणि परत ठेवायचा. सात गोळ्या. दुसऱ्या दिवशी सात. आठ दिवसांनी सात. मी रोज मोजायचो.

शेवेचा डबाही फळीवरून खाली आला.

मी वाट बघत होतो, की निदान प्रियांका तरी एखाद्या रविवारी पट्टा बांधेल. पण घटस्थापनेच्या दिवशी भवानीबाईंनी मला खणातून उचललं आणि थेट देव्हाऱ्यासमोर पाटावर नेऊन ठेवलं. दर वर्षी मी नवमीला बसायचो, यंदा पहिल्याच दिवशी. प्रियांकानं विचारलं, “आईसाहेब, लागलं तर?” बाई म्हणाल्या, “लागत नाही आता त्याला. नऊ दिवस राहू दे देवापाशी.” आणि नजर चुकवून वाती वळायला लागल्या.

ते नऊ दिवस माझे कसे गेले, मला माहीत. समोर समई, शेजारी तलवार, आणि मागच्या खोलीत राजवीर. त्याचे उपास चालले होते. उपास म्हणजे काय, तर तळलेले बटाटे आणि खारा फराळी चिवडा. पाचव्या माळेपासून त्याचं डोकं दुखायला लागलं. “धूपमुळे, ऊन लागलंय,” म्हणायचा. डोकेदुखीची गोळी मात्र न चुकता घ्यायचा, बघा! सातव्या दिवशी देवापुढे हात जोडताना नाकातून थोडं रक्त आलं, ते त्यानं रुमालात लपवलं. मी फुलाखालून पाहत होतो.

खंडेनवमी उजाडली. सकाळी राजवीरनं तलवार घासली. घासता घासता दोनदा थांबून कपाळ दाबलं. पूजा झाली. माझ्या काचेवर कुंकू, नळीवर झेंडू, पट्ट्याच्या घडीत अक्षता. आरतीला तो उभा होता, पण हात जोडताना एक डोळा मिटून घेत होता.

दुपारी तीनचा सुमार. आतून ओकारीचा आवाज आला. मग प्रियांकाची हाक, “आईसाहेब!” मग राजवीरचा आवाज, ओळखू न येणारा. “प्रियांका, मला तुझा चेहरा अर्धाच दिसतोय गं.”

प्रियांका धावत देवघरात आली ती माझ्यावर झडप घालायलाच. दारात भवानीबाई आडव्या उभ्या राहिल्या.

“पुजलेलं उचलत नाहीत आज.”

“आईसाहेब, अहो काय बोलताय तुम्ही? त्यांना बघा तरी!”

“रिक्षा बोलाव. दवाखान्यात मोजतील. हे नको.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक हात दाराच्या चौकटीला आणि दुसरा माझ्याकडे, राखण करावी तसा. उचला मला, अहो उचला! मी मनातल्या मनात किंचाळत होतो. कसला देव आणि कसलं काय! मी एक मोजायचं यंत्र आहे, बाईसाहेब!

तेवढ्यात आतून राजवीर म्हणाला, “आईसाहेब... हात जड झालाय माझा.”

भवानीबाईंचा चौकटीवरचा हात गळून पडला. हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते, कचेरीतल्या शिपायाच्या तोंडून, नऊ वर्षांपूर्वी. त्या वळल्या, पाटावरून मला उचललं. फूल खाली पडलं, अक्षता सांडल्या, तलवारीला धक्का लागून ती खणखणली. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पट्टा त्यांनीच बांधला. राजवीर इतका कापत होता, की पहिल्यांदा माझ्याकडून आकडाच येईना. बाईंनी त्याचा दंड आपल्या मांडीवर घट्ट धरला आणि पदरानं काचेवरचं कुंकू पुसलं. २०६ वर १२८.

“चुकलं असेल,” प्रियांका रडत म्हणाली. “परत घ्या, आईसाहेब, परत!”

आता एकच जागा उरली होती. सगळ्यात शेवटी जयसिंगराव होते. ते मला ठाऊक होतं आणि बाईंनाही. त्यांचा अंगठा बटणावर एक क्षण थांबला, खरंच एक क्षण. मग त्यांनी बटण दाबलं. पट्टा फुगला, उतरला. २१० वर १२६. आणि माझ्या आठवणीतून तो रविवार, ती मिशी, ते १२४ वर ८०, कायमचं गेलं.

त्या क्षणी मात्र रडायला कुणालाच सवड नव्हती. शेजारचे रिक्षावाले उमाशंकर हाक ऐकून धावत आले. “कंई हुयो, माँसाब?” राजवीरला पाहून त्यांनी पुढे काही विचारलं नाही, त्याला उचलूनच रिक्षात बसवलं. पण नवमीचा दिवस! टेकरीवरच्या देवीला अख्खा माळवा लोटलेला. रस्त्यात अडथळे, ढोल, चुनरी घेतलेल्या बायकांच्या रांगा, पीपलरावां नि टोंकखुर्दहून भरभरून आलेल्या ट्रॉल्या. रिक्षा गर्दीत रुतली. राजवीरची मान प्रियांकाच्या खांद्यावर कलंडलेली, मी बाईंच्या मांडीवर, आणि बाई त्याचा हात सोडायला तयार नाहीत. “राजा, बोट दाब माझं. दाब.” तो दाबायचा. मध्येच दाबायचा थांबला. बाईंच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की पुढचे लोक आपोआप बाजूला झाले.

“भिया, आँखें खुली रखना, बस पाँच मिनट!” उमाशंकर ओरडले आणि रिक्षा एका बोळात घातली, जिथून सायकलसुद्धा जपून न्यावी लागते. पाच मिनिटांत नाही, अकरा मिनिटांत पोचलो. रस्ताभर माझ्या मनात एकच येत होतं, आता याचाही शेवटचा आकडा मीच सांभाळणार की काय?

डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. सलाईन, इंजेक्शनं, धावपळ. मग त्यांनी बाईंच्या हातातलं मला घेतलं, आकडे पाहिले, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं. “पूजा में से लाए हो क्या?” प्रियांकानं मान हलवली. “अच्छा किया. गोली रोज़ ले रहे थे?”

“रोज घेतात,” प्रियांका म्हणाली.

राजवीरनं डोळे मिटले. “नाही घेत. एक महिना झाला.”

भवानीबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “मीच म्हणाले त्याला, रोज काय मोजायचं म्हणून. मला ह्यांचा आकडा जाऊ द्यायचा नव्हता.” मग सगळं सांगितलं. साठ जागा, शालिग्राम, दुपारचं ते मोजणं. सांगताना त्यांनी एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. प्रियांकानं रागावायचं ठरवलं असावं. पण तिनं उठून सासूसाठी पाण्याचा ग्लास आणला.

राजवीर वाचला. मेंदूत रक्तस्राव झाला नव्हता, थोडक्यात निभावलं. चार दिवसांनी घरी आला. हाताचा जडपणा गेला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मात्र एक काळा ठिपका राहिलाय, आणि तो जाईल असं डॉक्टरीणबाईंनी काही सांगितलेलं नाही. कुठे पाहिलं की आधी तो ठिपका दिसतो, म्हणतो.

कोजागिरी झाल्यावर एका दुपारी भवानीबाईंनी मला मांडीवर घेतलं. प्रियांका शेजारी बसली होती. बाईंनी दुसरं बटण दाबायला सुरुवात केली. एक, दोन, दहा, तीस, साठ. सगळे राजवीरचेच. साठाच्या पुढे मी पुन्हा पहिल्यावर आलो. बाईंनी पदरानं काच पुसली.

“आईसाहेब, मला माहीत असतं तर...” प्रियांका म्हणाली.

“तर काय केलं असतंस? नवं आणलं असतंस. आणि हे देवापाशी बसलं असतं.” त्यांनी नळीची घडी घातली. “ह्यांची जागा त्यालाच लागायची होती. हे असते तर त्यांनीच उठून दिली असती. पुढच्या नवमीला आधी याच्यावर बीपी मोजायचं सगळ्यांनी, तुझंही, माझंही. मग पूजा.”

नऊ वर्षांत मला वाहिलेल्या सगळ्या फुलांपेक्षा हे बोलणं मला गोड लागलं, खरं सांगतो.

आता मी म्हातारा झालोय. पट्ट्याचं चिकटणारं टोक सैल पडलंय, प्रियांका त्याला पिन लावते. शिवणीत शिरलेलं कुंकू निघत नाही. लवकरच माझ्या जागी नवं मशीन येईल आणि ते योग्यच आहे. त्याआधी एवढंच विनवतो, मला देव करू नका. आणि पंचविशी-तिशीतल्या पोरांनो, दंड कितीही फुगलेला असो, वर्षातून एकदा तरी त्याला पट्टा बांधा. आकडा वाईट आला तर डॉक्टरकडे जा. चांगला आला तर गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका, डॉक्टरांना विचारा. माझं कौतुक करू नका, मला त्याचीच भीती वाटते.

आज सकाळचंच सांगतो. राजवीर पाठ टेकवून बसला, पाच मिनिटं बोलला नाही. मी फुगलो, उतरलो. १२२ वर ७८. त्यानं आकडा पाहिला. खण उघडला, स्ट्रिप हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिला, तसाच, त्या महिन्यासारखा. माझे तर सेल थंड पडले. समोर भवानीबाई पाण्याचा ग्लास घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ग्लास पुढे धरला आणि तसाच धरून राहिल्या. त्यांचा हात भरून आला असावा, पाणी हलायला लागलं होतं.

राजवीरनं स्ट्रिपमधून गोळी काढली आणि गिळली.

उद्या सकाळी पुन्हा खण उघडेल. मी आत्तापासूनच घाबरलोय.